लाल ड्रायव्हर आणि जवसाचं तेल

"इसमें क्रैक है," भल्ला साहेब म्हणाले आणि काठी माझ्या टेबलावर आडवी ठेवली. "ढूंढो."

टेबलावर एका पंपाचं कास्टिंग होतं. मी त्यातही क्रॅकच शोधत होतो. ते बाजूला सरकवून मी उभा राहिलो. माझे बॉस जोशी साहेब माझ्या आधीच उभे राहिले होते. जनरल मॅनेजर स्वतःच्या पायांनी क्वालिटीच्या लॅबमध्ये आलेले मी अकरा महिन्यांत पहिल्यांदाच पाहत होतो.

"सर, हे..."

"ड्रायव्हर है. अगले इतवार मैच है. पिछले साल तक मैं दो सौ गज मारता था. अब गेंद डेढ़ सौ नहीं जाती, और जाती है तो चने के खेत में जाती है. आदमी वही, गेंद वही, मैदान वही. तो बदला क्या? शनिवार तक रिपोर्ट दो. क्रैक निकला तो इसको स्क्रैप करो."

"आणि नाही निकला तर, सर?"

"निकलेगा," साहेब म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथं वळले. "राऊत, तुम्हारा कन्फर्मेशन इसी महीने है ना?"

"हो, सर."

"गुड."

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. आर्वी रस्त्यावर आमचा ओतकामाचा कारखाना होता. लोखंड वितळवून पंपांचे, मोटारींचे भाग ओतायचे. मी तिथं ज्युनियर इंजिनियर, क्वालिटी. नागपूरहून बी.ई. मेटलर्जी केलेलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी तेव्हा कोणी न विचारता सांगत असे. आजही सांगतो, फक्त आता विचारायची वाट पाहतो.

नोकरी मात्र कच्ची होती. वर्षभर प्रोबेशन, मग कन्फर्मेशनचं पत्र, मग माणूस पक्का. आमचा मळा रोहण्याला. बाबा वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी घेऊन आर्वीच्या बाजारात बसत. दर भेटीत पहिला प्रश्न एकच, "पक्कं झालं काय?" ते पत्र भल्ला साहेबांच्या सहीनं निघायचं. आणि भल्ला साहेबांना त्या काठीत क्रॅक पाहिजे होती.

आता थोडं गोल्फबद्दल. मलाही तेव्हा एवढंच माहीत होतं. जमिनीत खड्डे असतात, गेंद मारत मारत त्यात घालायची. कमी फटक्यांत घातली तो जिंकला. पहिला फटका सगळ्यात लांब मारायचा असतो. त्यासाठी जी सगळ्यात लांब, मोठ्या मुंडक्याची काठी वापरतात ती ड्रायव्हर.

कारखान्यामागे आमचं गोल्फचं मैदान होतं. नऊ होल म्हणायचे. जागा सहाचीच होती, तीन दोनदा खेळायचे. इतर ठिकाणी होलभोवती हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे पाणी कुठलं? ओतकामातून निघालेली जळकी वाळू आणि कॉम्प्रेसरचं वापरलेलं ऑइल कालवून काळे गोल लिंपले होते. साहेब लोक त्यांना 'ब्राउन' म्हणत. बाकी सगळी काळी माती. होळीच्या सुमारास तिला भेगा पडायला लागत आणि गेंद भेगेत गेली की गेलीच. म्हणून क्लबच्या पाटीवर नियम लिहिला होता: भेगेत गेल्यास दुसरी घ्यावी, दंड नाही.

क्लबकडे ड्रायव्हर एकच होता. कारखान्याच्या पहिल्या मालकांनी कधीतरी विलायतेहून आणलेला, जुन्या मॉडेलचा, लाकडी मुंडक्याचा. खाली पितळी पत्रा. तोंडावर, म्हणजे गेंद लागते तिथं, काळी कडक पट्टी आणि चार स्क्रू. तोपर्यंत जगात धातूच्या मुंडक्यांचे ड्रायव्हर आले होते. भल्ला साहेबांचा दिल्लीचा भाचा त्यांना फोनवर तेच सांगत असे. पण आमच्या साहेब लोकांची आयुष्यं त्या लाकडी ड्रायव्हरवर गेली होती, आणि त्याच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं.

क्वालिटीचा नियम असा की माल तपासण्याआधी वापरणाऱ्याची तक्रार लिहून घ्यायची. त्यासाठी आमच्याकडे छापील कम्प्लेंट फॉर्म होता. मी फॉर्म घेऊन निघालो.

पहिले जोशी साहेब. त्यांनी केबिनचं दार लावलं.

"राऊत, हे फॉर्मवर नको. तो ड्रायव्हर मूळचाच जड होता. मनगटं भरून यायची माझी. दोन वर्षांपूर्वी मी पॅटर्न शॉपच्या गुलाबराव मिस्तरींना सांगून गुपचूप हलका करून घेतला. आतलं थोडं शिसं काढायला लावलं. काय सुंदर झाला होता म्हणून सांगू! फुलासारखा. मग कोणीतरी तो परत जड केला."

"कोणी, सर?"

"ते मी कसं सांगणार? पण आपल्या जीएम साहेबांना हलकी वस्तू आवडत नाही, एवढं तुलाही दिसतं."

दुसरे पर्चेसचे अय्यर साहेब. तीस वर्षं वर्ध्यात काढलेली, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांनीही आधी दार पाहिलं.

"वजनाचं काही नाही हो. त्याचं तोंड उजवीकडे उघडं होतं. म्हणून गेंद उजवीकडे जायची. मी गुलाबरावांकडून दोन डिग्री आत वळवून घेतलं. सहा महिने बाणासारखी सरळ मारत होतो. मग कोणी तरी परत बिघडवलं. जोशींना विचारा."

तिसऱ्यांना, म्हणजे भल्ला साहेबांना, फॉर्म द्यायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच बोलावलं. "एक बात तुम्हें मालूम होनी चाहिए. मैंने इसमें दस ग्राम वज़न डलवाया था. मिस्त्री से. लाजवाब हो गया था! बाद में किसी ने निकाल लिया. ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी."

शेवटी दवाखान्याच्या ठाकरे मॅडम. कारखान्याच्या डॉक्टर. त्या कधी ड्रायव्हर वापरत नसत. छोट्या लोखंडी काठीनं टुक टुक करत सगळ्यांच्या आधी होलपाशी पोचत. त्या एका कामगाराच्या बोटाला पट्टी बांधत होत्या.

"ड्रायव्हरमध्ये दोष काय आहे असं तुम्हाला वाटतं, मॅडम?"

"नाचता येईना..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढचं लिहू?"

"वेडा आहेस का? तुझं कन्फर्मेशन व्हायचंय."

चार जणांकडे गेलो, तिघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. सरळ पॅटर्न शॉपमध्ये जाऊन गुलाबरावांना विचारलं असतं तर प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. पण मी बी.ई. होतो आणि गुलाबराव सातवी. मी ठरवलं, माप घ्यायचं. माप खोटं बोलत नाही.

दोन दिवस मापं घेतली. काठीचा दांडा स्टीलचा होता, तो फिरवून डायल गेजनं तपासला. सरळ. वजन केलं. पण आधीचं वजन कोणी नोंदवलेलंच नव्हतं, तर ताडून पाहणार कशाशी? मग खालचा पितळी पत्रा उघडायला घेतला. शिसं त्याच्या आतच असतं. तर स्क्रूच्या खाचांमध्ये मूळचं वार्निश घट्ट बसलेलं. ते खरवडून काढलं तेव्हा कुठे स्क्रू फिरले. आत शिशाची गोळी, आणि तिच्यावर विलायतेतलं लाखेचं सील जसंच्या तसं.

म्हणजे हा पत्रा विलायतेहून निघाल्यापासून कोणी उघडलाच नव्हता.

मग शिसं काढलं कोणी आणि घातलं कोणी? मी फॉर्मवर लिहिलं, 'निष्कर्ष विसंगत', आणि पत्रा परत बसवला. विसंगत हा शब्द इंजिनियरला फार उपयोगी पडतो.

आता राहिली क्रॅक टेस्ट. ती माझी रोजची. आधी क्लीनर मारून वस्तू साफ करायची. मग तिच्यावर लाल भडक डाय लावायचा. तो पाण्यासारखा पातळ असतो, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेतही शिरतो. वरचा डाय पुसून टाकायचा आणि पांढऱ्या पावडरचा फवारा मारायचा. त्याला डेव्हलपर म्हणतात. भेगेत लपलेला लाल रंग पांढऱ्या पावडरवर उमटतो. पांढऱ्यावर लाल रेघ दिसली की क्रॅक. लोखंडाची क्रॅक या टेस्टमधून सुटत नाही.

लोखंडाची.

बुधवारी दुपारी मी ड्रायव्हरच्या मुंडक्यावर क्लीनर मारला. क्लीनरनं जुनं वार्निश खाल्लं. मला वाटलं, मळ निघतोय. मग डाय लावला. दहा मिनिटं थांबलो, पुसला. निघेना. पुन्हा पुसला. पुन्हा क्लीनर मारला, तर रंग आणखी आत गेला. शेवटी डेव्हलपर मारला. आधी पांढरं झालं. मग हळूहळू गुलाबी. मग पाच मिनिटांत सगळं मुंडकं लाल. रेघ नाही, ठिपका नाही, आख्खंच लाल. टेस्टच्या भाषेत याचा अर्थ असा होतो की वस्तू म्हणजे संपूर्ण एक क्रॅकच आहे.

लाकूड आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

मी ड्रायव्हर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बगलेत मारून पॅटर्न शॉपकडे निघालो. वाटेत जोशी साहेब भेटले. "काय आहे रे?" "सॅम्पल, सर." खोटं नव्हतं.

लोखंड ओतायचं तर आधी त्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न. तो बनवणारे गुलाबराव. नाचणगावचे. साठीला दोन वर्षं उरलेली, कानामागे पेन्सिल. मी कागद सोडला. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"काय केलं जी तुमी हे?"

"क्रॅक टेस्ट."

"मले वाटलं हळदी-कुंकवाले घेऊन चालले."

"गुलाबराव, मस्करी नोका करू. माही नोकरी जाते. हा रंग निघन काय?"

त्यांनी मुंडकं हातात फिरवलं, नखानं खरडलं, वास घेतला. "नाई निघत. लोखंड पेत नाई, लाकूड पेते. थेही टेंभुर्णीच्या जातीचं लाकूड दिसते. हे एकदा पेलं का पेलं." नंतर मी शोधलं, तर विलायती ड्रायव्हरचं लाकूड खरंच आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं निघालं. सातवी शिकलेल्या माणसानं ते वासावर सांगितलं होतं.

मग मी मुद्द्यावर आलो. "गुलाबराव, एक खरं सांगा. यातलं शिसं कोनं काढलं, कोनं टाकलं, अन् तोंड कोनं वळवलं? तिन्ही सायेब तुमचं नाव घेऊन राह्यले."

गुलाबराव दाराकडे पाहून आले. त्या आठवड्यात सगळे दाराकडेच पाहत होते.

"राऊत सायेब, कोनाले सांगू नका. मी कायीच नाई केलं."

"म्हंजे?"

"आता पाहा. जोशी सायेब आले, मने हलकी कर. आठ दिसानं भल्ला सायेब आले, मने जड कर. मंग अय्यर सायेब, मने तोंड फिरव. अन् तिघंबी मनतेत, दुसऱ्याले नोको सांगू. एकाच काठीले हलकी बी करू अन् जड बी करू? मले काय येड लागलं? मी काठी घेतली, दोन दिस शॉपात ठेवली, जवसाचं तेल लावलं, फडक्यानं घासली अन् देऊन टाकली."

"अन् मंग?"

"मंग काय! जोशी सायेब मने, गुलाबराव, फूल झालं फूल. भल्ला सायेब मने, आता दम आला. मी मनलं, हाव जी."

मी स्टुलावर बसलो. जवसाचं तेल. आमच्याकडे ते भाजीला घालतात आणि बैलगाडीच्या लाकडाला चोपडतात. त्याच तेलानं एक ड्रायव्हर एकाच वेळी हलका, जड आणि सरळ झाला होता. परिणाम सहा महिने टिकत होता, मग पुन्हा तेल.

"मंग दोष कुठं हाय, गुलाबराव?"

"काठीत असता तं तेलानं गेला असता काय?"

"हे मी सायबाले कसं सांगू? मले वाटते तसं सांगतलं तं कागद दाखवा मनतीन."

गुलाबरावांनी एक पॅटर्न उचलला. दोन भागांचा होता. एका भागाच्या जोडावर त्यांनी खडू घासला, दुसरा भाग त्यावर दाबला आणि उचलून मला दाखवला. जिथं टेकला होता तिथला खडू दुसऱ्या भागाला लागला होता. बाकी कोरं.

"जोड कुठं टेकते थे आमाले डोळ्यानं दिसत नाई. मंग आमी खडूले इचारतो. तुमी काठीच्या तोंडाले खडू लावा. गेंद कुठं लागते थे काठीच सांगन."

खडू कशाला? माझ्याकडे डेव्हलपर होता. काळ्या पट्टीवर पांढरी पावडर! दुपारी मी ज्या डब्यामुळे घाबरलो होतो त्याच डब्यात उत्तर होतं.

"अन् राऊत सायेब," मी उठलो तसे गुलाबराव म्हणाले, "कागदावर माह्यं नाव नोका येऊ देऊ. दोन वर्सं रायली."

"नाई येनार."

त्यांनी ड्रायव्हर ठेवून घेतला. शुक्रवारी परत दिला तेव्हा जवसाचं तेल पिऊन तो पिकल्या बोरासारखा झाला होता. लाल, पण एकसारखा लाल. वाईट दिसत नव्हता. मला त्या अवस्थेत काहीच वाईट दिसलं नसतं.

शनिवारी सकाळी सात वाजता पहिल्या होलपाशी मी ड्रायव्हर, डेव्हलपरचा डबा, फडकं आणि फॉर्म घेऊन उभा. भल्ला साहेब आले. मागे जोशी आणि अय्यर.

"ये क्या है?"

"ड्रायव्हर, सर."

"लाल क्यों है?"

इथं मी खरं बोलायचं ठरवलं होतं. दुसरं काही सुचलंही नव्हतं. "सर, क्रॅक टेस्टचा डाय आहे. लाकूड रंग पितं हे मला माहीत नव्हतं. चूक माझी."

भल्ला साहेबांनी मुंडकं उन्हात धरलं. जोशी साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही कधी एका डिपार्टमेंटला नव्हतोच.

"क्रैक?"

"नाही, सर. पण एक टेस्ट बाकी आहे. वापरणाऱ्याला स्वतः मारावं लागतं."

मी काळ्या पट्टीवर डेव्हलपरचा फवारा मारला. तोंड पांढरं झालं. भल्ला साहेबांनी पवित्रा घेतला, दोनदा कंबर हलवली आणि हाणला. गेंद उजवीकडे वळत वळत हरभऱ्यात गेली. सोंगणीला आलेला हरभरा. तिथून एक टिटवी ओरडत उठली.

"देखा?" साहेब म्हणाले.

मी ड्रायव्हर घेतला. पांढऱ्या पावडरवर गेंदीचा गोल ठसा स्वच्छ उमटला होता. मधोमध नाही. दोन बोटं अलीकडे, दांडा जोडलेला असतो त्या टोकाला. त्याला टाच म्हणतात. पुसलं, फवारलं, पुन्हा मारायला दिलं. टाच. तिसऱ्यांदा. टाच. तिन्ही ठसे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते.

"मतलब क्या हुआ इसका?"

"सर, गेंद मधोमध लागली की पूर्ण जोर मिळतो. ही दरवेळी इथं लागते. म्हणून उजवीकडे जाते आणि कमी जाते."

"यानी काठी टेढ़ी है."

"नाही, सर. दांडा मोजला. सरळ आहे."

"तो फिर गलती किसकी है?"

मला आर्वीच्या बाजारात वांग्यांमागे बसलेले बाबा दिसले. मग मी फॉर्म पुढे केला. आमच्या फॉर्मात शेवटचा रकाना असतो, 'दोषाचे कारण'. त्यात तीनच पर्याय छापलेले असतात: मटेरियल, मशीन, ऑपरेटर. लागू नसलेल्यावर काट मारायची. पहिल्या दोनांवर मी घरूनच काट मारून आणली होती.

भल्ला साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "ऑपरेटर," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "ऑपरेटर."

तेवढ्यात ठाकरे मॅडम फिरायला निघालेल्या तिथून चालल्या होत्या. "अरे वा, लाल केलात? छान दिसतोय. बघू." माझ्या हातातून ड्रायव्हर घेतला आणि काही विचार न करता मारला. गेंद सरळ गेली, लिंबाच्या झाडापलीकडे. मी ठसा पाहिला. चार स्क्रूंच्या बरोबर मधोमध, मोजून लावल्यासारखा.

"बरा आहे की," मॅडम म्हणाल्या. "उगाच वापरत नव्हते."

भल्ला साहेब काही क्षण लिंबाच्या झाडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, गेलं माझं पत्र. मग त्यांनी मान वळवली.

"जोशी."

"सर?"

"आप भी मारिए. तीन."

जोशी साहेबांचे तिन्ही ठसे दुसऱ्या टोकाला, चवड्यावर. अय्यर साहेबांचे वरच्या काठावर, एक तर लाकडावरच. भल्ला साहेब प्रत्येक ठशावर स्वतः वाकत होते. अय्यरांच्या तिसऱ्या ठशापर्यंत त्यांचा चेहरा चांगलाच उजळला होता.

"मेरा तो फिर भी ज़्यादा बीच में है," ते म्हणाले.

तसं नव्हतं. पण ते मला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं.

मग एकेकानं मला बाजूला घेतलं. भल्ला साहेब म्हणाले, "और मेरा दस ग्राम? वो किसने निकाला?"

"सर, मी पत्रा उघडून पाहिला. आत शिसं आहे."

"है ना? मिस्त्री पक्का आदमी है."

जोशी साहेब कुजबुजले, "मी काढलेलं परत कोणी घातलं?"

"सर, मूळ होतं त्यापेक्षा आत काही जास्त नाही."

"बघ! म्हणजे हलकाच आहे अजून." त्यांनी समाधानानं मनगट फिरवलं.

दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी होती. गुलाबरावांचं नाव कुठंही आलं नाही.

रविवारी मॅच झाली, नागपूरकडच्या एका कारखान्याच्या टीमशी. भल्ला साहेब गेंदीच्या दोन बोटं मागे उभे राहिले. पहिला फटका खणखणीत सरळ गेला आणि पुढे एका भेगेत पडला. दोनशे गजांच्या वर गेला असं साहेब सांगतात. गेंद सापडली नाही, त्यामुळे माझ्याकडे माप नाही. ठाकरे मॅडम लाल ड्रायव्हर घेऊन खेळल्या आणि त्यांचा सामना जिंकल्या. बाकी सगळे हरले. पण दरवर्षीपेक्षा कमी हरले.

सोमवारी रिपोर्ट सही होऊन आला. शेवटच्या रकान्यात साहेबांनी 'ऑपरेटर'वरही काट मारली होती आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात चौथा पर्याय लिहिला होता: 'हवा'. खाली सही. त्याच पेनानं त्याच दिवशी माझ्या कन्फर्मेशनवर सही झाली. दोन्ही कागद एकाच शिपायानं आणले. मी हवेचा कागद फाईलला लावला आणि दुसरा खिशात घातला.

आर्वीच्या बाजारात बाबांना पत्र दाखवलं. त्यांनी आधी हात पुसले.

"पक्कं झालं?"

"झालं." मग सगळी गोष्ट सांगितली.

"सायबाच्या तोंडावर सांगतलं तू, का तुमी चुकून राह्यले मनून?"

"तोंडावर नाई. फॉर्मात."

"मंग बरं," बाबा म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मला वाटलं, आता प्रकरण संपलं. चारेक दिवसांनी पॅटर्न शॉपमध्ये गेलो तर लाल ड्रायव्हर गुलाबरावांच्या बाकावर.

"हा काऊन इथं?"

गुलाबराव हसू दाबत होते. "भल्ला सायेब देऊन गेले. मने, मिस्त्री, मेरा गेंद इधर लगता है, तो इसका बीच थोड़ा इधर सरका दो. किसी को मत बताना."

"अन् जोशी सायेब?"

"थे काल येऊन गेले. त्याइले मधलं तिकडं सरकवून पायजे."

"मंग तुमी काय मनलं?"

"हाव जी मनलं." त्यांनी फडकं तेलात बुडवलं.

हा धंदा गुलाबराव रिटायर होईपर्यंत चालला. त्यानंतर नवं शतक लागलं, काही वर्षांनी कंपनीनं टायटॅनियमच्या मुंडक्याचा नवा ड्रायव्हर मागवला आणि लाल ड्रायव्हर क्वालिटी लॅबच्या कपाटावर गेला. महिन्याभरात नवे जीएम माझ्या केबिनमध्ये आले, काठी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, याच्यात काहीतरी गडबड आहे. मी तेव्हा क्वालिटीचा मॅनेजर होतो. सगळ्या टेस्ट केल्या. टायटॅनियममध्ये दोष नव्हता.

पण तो ड्रायव्हर दुरुस्त मात्र कधीच झाला नाही. टायटॅनियम तेल पीत नाही.